केमिस्टसाहेबांचं नाक आणि वहिनींची किडनी

माझ्या लाडक्या दोघांनो,

रविवारी फोनवर तुमच्या आईने सांगितलं की धाकट्याचा घसा दुखत होता, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, घसा बरा झाला आणि पोट बिघडलं. मग म्हणे दुकानातून चांगल्या जंतूंची एक बाटली आणली. तेव्हा थोरलीने मला विचारलं, "आजी, जंतू चांगले पण असतात का?" मी म्हटलं, याचं उत्तर फोनवर द्यायचं नाही, लिहून पाठवते. ते द्यायचं तर मला आमच्या शेजारच्या केमिस्टसाहेबांविषयी सांगावं लागेल. आणि तेही आताच, कारण त्यांच्या बंगल्याला दिवाळीपासून कुलूप आहे, आणि कुलूप लागलेल्या घराविषयी लोक काहीही बोलतात. मी फक्त पाहिलेलं आणि स्वतः ऐकलेलं लिहीन. जिथे मला शंका आहे तिथे तसं सांगेन.

त्यांचं नाव लिहीत नाही. आपलं नाव कुठे दिसलं की ते आधी विचारायचे, "कुणी लिहिलं? आणि कशासाठी?"

ते कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारी बंगला बांधला. कारखान्यात त्यांचं खरं हत्यार त्यांचं नाक होतं. उसाचा रस निघाल्यापासून त्याची साखर होईपर्यंत जंतू टपून बसलेले असतात. रस जरा रेंगाळला, यंत्राचा एखादा कोपरा धुवायचा राहिला, की जंतू साखर खातात आणि रस आंबतो. प्रयोगशाळेतल्या तपासणीत ते दिसायच्या आधी साहेबांच्या नाकाला कळायचं. उसाची ट्रॉली गेटातून आत आली की ते तिच्याभोवती एक चक्कर मारायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "हा ऊस शिळा आहे." ड्रायव्हर देवाची, आईची, सगळ्यांची शपथ घ्यायचा. साहेब शांतपणे म्हणायचे, "तू खोटं बोलशील. वास खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता दुधाचं पातेलं उघडताना मलाही ऐकू येतं.

"जंतू पहिला घास घेतो, बाई," ते मला सांगायचे. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे म्हणून मी 'बाई'. "आपल्याला त्याचं उष्टं मिळतं." कारखान्यात आंबूस वास आला की ते तपासणीची वाट बघायचे नाहीत. लगेच गरम पाणी आणि वरून जंतुनाशक ओतायला लावायचे. त्याला ते शॉक डोस म्हणत. वरिष्ठ विचारायचे, खात्री आहे का? साहेब म्हणायचे, खात्री होईपर्यंत साखर गेलेली असते.

असा माणूस घरी कसा असेल याची कल्पना करा. आमच्याकडे चहाला आले की कप आधी नाकाशी न्यायचे.

"बाई, कप कोणत्या फडक्याने पुसला?"

"स्वच्छ फडक्याने."

"स्वच्छ हे तुमचं मत झालं. मी फडकं विचारलं."

तुमचे आजोबा आतल्या खोलीतून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आले अन्न निरीक्षक." साहेबांना राग यायचा नाही. आजोबा जे म्हणतात ते खरंच आहे, असं त्यांना वाटायचं.

वर्तमानपत्र ते इस्त्री करून वाचायचे. कुणाकुणाच्या हातून आलं असेल, कुणी बोट ओलं करून पान उलटलं असेल, म्हणून. अंगणात गप्पा मारायच्या तर एक सुकलेलं पान हवेत सोडायचे, वारा कुठून येतो ते बघायचे आणि त्या बाजूची खुर्ची धरायचे. त्यामुळे समोरच्याचा खोकला त्यांच्याकडे येत नसे, त्यांचा मात्र समोरच्याकडे जायचा. हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "माझ्या खोकल्याची मला माहिती आहे."

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणते. त्या घोडेगावच्या, नेवासा तालुक्यातल्या. तिथला जनावरांचा बाजार तुम्ही लहानपणी पाहिला आहे. थोरली एका बैलाला घाबरून रडली होती. वहिनींचे भाऊ त्या बाजारात म्हशींचे सौदे करतात. वहिनी शाळा फार शिकल्या नाहीत आणि साहेबांना फार घाबरतही नव्हत्या. पण त्यांचं ऐकायच्या. ऐकायचं आणि मग आपलं करायचं, अशी त्यांची पद्धत.

या संशयी माणसाची किडनी संशयानेच गेली. त्यांना बीपी होता. डॉक्टरांनी मोजला, गोळी लिहून दिली. साहेबांनी विचारलं, हे मशीन शेवटचं कधी तपासलं? डॉक्टरांना सांगता येईना. म्हणून साहेबांनी गोळी घेतली नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडेही तेच. वर्षानुवर्षं ते मशीनवर संशय घेत राहिले आणि आत बीपी किडन्या खात राहिला. त्याला वास नव्हता. पाय सुजले, जेवण जाईना, तेव्हा तपासलं तर दोन्ही किडन्या जवळजवळ संपलेल्या.

मग डायलिसिस. त्या मशीनवर ते कसे पडून राहत असतील मला माहीत नाही, वहिनी म्हणायच्या, "डोळे टक्क उघडे ठिवून नळीकडं बघत बसत्यात, जशी काय ती पळून जानार हाय."

किडनी वहिनींनी दिली. रक्तगट जुळला, बाकीचं जुळलं. आपल्याकडे अशा वेळी एक समिती देणाऱ्याला विचारते, तुम्ही आपल्या मर्जीने देता ना, कुणाची जबरदस्ती नाही ना. वहिनी आत गेल्या, बाहेर आल्या. मग साहेबांना बोलावलं. ते आत जाऊन त्या लोकांना म्हणाले, "तुम्ही तिला नीट विचारलंत का? ती हो म्हणाली म्हणून लगेच लिहू नका. ती सगळ्यालाच हो म्हणते." समितीतले लोक बुचकळ्यात पडले. घेणाऱ्याने असं बोललेलं त्यांनी पूर्वी ऐकलं नसावं. वहिनींना परत आत बोलावलं, पुन्हा सगळं विचारलं. बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "ह्या मानसाला फुकट दिलेलं बी पारखून लागतं." पण त्यांचे डोळे भरले होते. त्या माणसाच्या संशयाचं एवढं एकच रूप मला मनापासून आवडलं.

ऑपरेशनआधी वहिनींना शनिशिंगणापूरला तेल वाहायचं होतं. तुमच्या आजोबांनी गाडी काढली. तिथे घरांना दारं नसतात हे तुम्हाला ठाऊक आहे. साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. वहिनी आणि मी दर्शन घेऊन आलो तर गाडीच्या चारही काचा बंद, दारं आतून लॉक, आणि आत साहेब घामाने भिजलेले. आजोबा काचेवर टकटक करत म्हणाले, "अहो साहेब, अख्ख्या गावात एवढं एकच दार आहे, तेवढं तरी उघडा!" साहेबांनी आधी मागे वळून गाडीभोवती कोण आहे ते बघितलं.

नाशिकला ऑपरेशन झालं आणि नीट झालं. करोना संपून सगळ्यांनी मास्क फेकून दिले होते. साहेबांनी तेव्हा लावला. या वेळी मात्र त्यांचं बरोबर होतं. नवी किडनी शरीराला परकी वाटते आणि शरीर तिला हाकलायला बघतं. म्हणून शरीराची ताकद गोळ्यांनी मुद्दाम कमी ठेवतात, आणि मग साधा जंतूसुद्धा महागात पडतो. डॉक्टरांनी सांगितलं, पहिले काही महिने बाहेरचं नको, कच्चं नको, घरी विरजलेलं दही-ताक नको. साहेबांनी आयुष्यभर जे म्हटलं तेच आता डॉक्टर म्हणत होते. त्यांना कोण आनंद झाला! घरी येताना ते विजयी सेनापतीसारखे दिसत होते.

वहिनींचे भाऊ बहिणीला बघायला आले. बहिणीच्या पोटाला टाके, म्हणून येताना चीक घेऊन आले, नुकत्याच व्यायलेल्या म्हशीचा, खरवसासाठी. साहेबांनी त्यांना फाटकाशीच थांबवलं. बाजारातून आला आहात का? हात कोपरापर्यंत धुवा. चपला तिकडे. सदरा झटकू नका. मग मास्क लावून लांबूनच वास घेत त्यांच्याभोवती फिरले. भाऊ बिचारे हात वर करून उभे. शेवटी म्हणाले, "दाजी, जन्म गेला बाजारात. पन म्हशीनं सुदिक मला एवढं न्हाई हुंगलं!" मी कुंपणापाशी होते, मला हसू आवरेना. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, माझ्यावरचा त्यांचा संशय तिथून सुरू झाला.

आता दह्याकडे येते. घरात दही नको म्हणजे साहेबांच्या मते घरात दही असायलाच नको. वहिनींनी माहेरहून आणलेलं विरजण लग्नापासून चालवलं होतं. रोज थोडं मागे ठेवायचं, रात्री कोमट दुधात घालायचं. ते विरजण टाकायचं त्यांच्या जिवावर आलं. शिवाय डॉक्टरांची मनाई साहेबांना होती, त्यांना नव्हती. त्यांनी एक वाटी माझ्या फ्रिजमध्ये आणून ठेवली. दुपारी साहेब झोपले की त्या यायच्या, माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून दही-भाकरी खायच्या, चूळ भरायच्या, हात साबणाने धुवायच्या आणि परत जायच्या. मला त्यात काही गैर वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पण ते नाक! एके दिवशी साहेबांना वहिनींच्या पदराला आंबूस वास आला. दुसऱ्या वेळी त्यांच्या हाताला. त्यांनी फ्रिज तपासला, कोठी तपासली, गच्चीसुद्धा. काही सापडेना. आणि त्याच सुमाराला त्यांचं पोट बिघडायला लागलं. जुलाब व्हायचे, थांबायचे, परत व्हायचे. साहेबांनी दोन आणि दोन जोडले. बायको आपल्या जेवणात गुपचूप ताक मिसळते, अशी त्यांची खात्री झाली.

का मिसळेल? मी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, "बायका नवऱ्याच्या भल्यासाठी काय काय मिसळतात, मला विचारू नकोस."

हा नुसता विनोद नव्हता. कॉलनीतल्या बायका वहिनींना सांगतच होत्या की एवढ्या गोळ्यांनी पोट जळतं, ताक दे, ताकाने पोट शांत होतं. वहिनींनी दिलं का? मी सरळ विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "न्हाई. एकदाच कढी केल्ती, खळखळा उकळून." मी जन्मभर शिक्षिका होते, 'एकदाच' हा शब्द मी वर्गात फार ऐकला आहे. पण त्या घरात काय शिजत होतं ते मी पाहिलेलं नाही. तेव्हा इथे मी शंका म्हणून लिहून पुढे जाते.

मग तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं आलं. किडनीचं काम कसं चाललं आहे ते या रक्ततपासणीत कळतं. आकडा वाढला म्हणजे किडनी थकली. वहिनींचा चेहरा उतरला. 

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते आमच्या दारात उभे. मास्क, हातात स्टीलची डबी.

"बाई, थोडं विरजण हवं होतं."

मी चकित झाले. पण आमच्याकडे दिवा लावल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत, आणि एवढं शिकूनही ही गोष्ट मी पाळते. तसं मी सांगितलं.

"नका देऊ," साहेब म्हणाले. "नुसता वास द्या. वास द्यायला काही मनाई आहे का?"

 मी आमच्या दह्याचं पातेलं आणलं. त्यांनी मास्क खाली केला, वास घेतला, मान हलवली. हे नाही. मग मी ओळखलं. ते घरोघर फिरून आले होते. कुणाच्या घरचं दही बायकोच्या हाताला लागतं, ते शोधत होते. समोरच्या जाधवबाईंनी तर दारच लावून घेतलं होतं. ऑपरेशनपासून साहेबांच्या डोक्यात फरक पडलाय आणि ते विरजणावर काहीतरी करतात, असं त्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होत्या.

"फ्रिज उघडता का जरा?" साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "फ्रिज माझा आहे."

"म्हणूनच विचारलं."

मी उघडला. लपवण्यासारखं काही नाही, असं मला वाटत होतं. त्यांनी खालच्या कप्प्यातली वाटी बरोबर उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.  मग म्हणाले, "हे तुमचं नाही. ही घोडेगावची म्हैस आहे." वाटी जागेवर ठेवली, हात धुतले. "परवा नाशिकला चलायचं. तुम्ही साक्षीला."

किडनीच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या, नगरकडच्या. केबिनमध्ये साहेबांनी उभं राहूनच बोलायला सुरुवात केली. "डॉक्टर, माझ्या घरात भेसळ होते आहे. ही माझी पत्नी. ह्या शेजारच्या बाई. माल ह्यांच्या फ्रिजमध्ये सापडला."

डॉक्टरांनी आमच्या दोघींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "दही हाय वो. माझं मी खाते. ह्यांना बोट न्हाई लावू दिलं."

"मग मला जुलाब कशाने झाले?" साहेब म्हणाले.

"काका, बसा," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही दिलेल्या गोळ्यांशिवाय दुसरं काही घेता?"

"बाहेरचं काही नाही."

"घरचं? काढा, चूर्ण, पावडर?"

"छे. तसल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही."

"मेडिकलमधून काही?"

साहेबांनी मास्क नीट केला. मग एखाद्या जाणकाराने दुसऱ्या जाणकाराला सांगावं तसं म्हणाले, "फक्त शॉक डोस."

डॉक्टरांना समजलं नाही. साहेबांनी समजावलं, आणि समजावताना त्यांचा आवाज कारखान्यातल्यासारखा भरदार झाला. ऑपरेशननंतर त्यांना एकदा लघवीचा संसर्ग झाला होता. तेव्हा याच डॉक्टरांनी एक अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती. बायकोच्या हाताला आंबूस वास आला, म्हणजे जंतू घरात शिरले. आज वास, उद्या पोटात. वाट कशाला बघायची? ते मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवायचे, गोळ्या आणायचे आणि दोन दिवस घ्यायचे. वास गेला की बंद. परत वास आला की परत.

"किती वेळा केलंत असं?"

"वास आला तेव्हा तेव्हा."

 डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, कारखान्यात जंतू हे चोर होते. पटलं. पण पोटात जे राहतात त्यातले बरेच कामगार आहेत. अन्न पचवायला, वाईट जंतूंना जागा मिळू द्यायची नाही, याला ते लागतात. ऑपरेशनच्या वेळी आम्हीच तुम्हाला भरपूर अँटिबायोटिक दिलं, देणं भागच होतं. त्यात ही वस्ती उठली. ती हळूहळू परत बसत होती. तुम्ही दर वेळी येऊन ती उठवत होता. जुलाब दह्याने झाले असं मला वाटत नाही. तुमच्या शॉक डोसने झाले."

"आणि क्रिएटिनिन?" साहेबांचा आवाज खाली आला होता.

"किडनी टिकावी म्हणून जी गोळी घेता, तिचं रक्तातलं प्रमाण नेमकं असावं लागतं. कमी पडलं तर शरीर किडनीला हाकलतं. जास्त झालं तर ती गोळीच किडनीला त्रास देते. जुलाब झाले की आतड्यातून ती गोळी जास्त रक्तात जाते. वरून अंगातलं पाणी कमी होतं, त्याचाही ताण. शिवाय पोटातले काही जंतू ती गोळी थोडीफार मोडून टाकतात असं दिसलं आहे. ते मेले की हिशोब आणखी बदलत असावा. ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

शेवटचं वाक्य ऐकून साहेबांनी मान वर केली. मला वाटतं, त्या बाईंवर त्यांचा विश्वास बसला तो त्या वाक्याने. 'माहीत नाही' म्हणणारा डॉक्टर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. बीपीच्या मशीनविषयी कुणी एवढंच म्हणालं असतं तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. कदाचित. त्यांनी त्या 'माहीत नाही'चाही पुरावा मागितला असता, हेही शक्य आहे.

त्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. सलाईन लावलं, रक्त तपासलं, शौच तपासलं. किडनीत सुई घालून बारीक तुकडा काढला, शरीर तिला हाकलत तर नाही ना ते बघायला. त्याचा निकाल यायचा होता. वहिनी आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. समोर तुमचे आजोबा उगाच येरझाऱ्या घालत होते. वहिनी बराच वेळ आपल्या कुशीवर हात ठेवून होत्या, जिथे टाके होते तिथे. मग म्हणाल्या, "ताई, एकच हुती द्यायला. ही गेली तर दुसरी कुठनं आनू?"

मी त्यांचा हात धरला. धीर देण्यासाठी खोटं बोलणं मला जमत नाही.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "दही खाल्लं न्हाई तर मरत न्हवते मी. पन घर माझं बी हाय ना?"

निकाल आला. शरीर किडनीला हाकलत नव्हतं. गोळीचं प्रमाण वाढल्याने तिला इजा झाली होती. काही भरून येईल, काही नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

घरी आल्यावर साहेब बदलले असं मी लिहिणार नाही. संशय तसाच राहिला, फक्त त्याने दिशा बदलली. आता तो स्वतःकडे वळला. जुनी चिठ्ठी त्यांनी आमच्यासमोर फाडली. मग मेडिकलवाल्याकडे जाऊन त्याला सांगून आले, "मी चिठ्ठीशिवाय काही मागितलं तर देऊ नकोस. चिठ्ठी असली तरी तारीख बघ. आणि मी चिडलो तर अजिबात देऊ नकोस." तो पोरगेला दुकानदार मला म्हणाला, "बाई, साहेबांवर केस हाय का काय?"

वास आला की त्यांचा हात अजूनही जुन्या चिठ्ठीच्या खिशाकडे जायचा. मग ते उठून अंगणात जायचे, पान हवेत सोडायचे, वारा बघायचे आणि परत येऊन बसायचे. वहिनींनी आपली वाटी माझ्याकडून नेली आणि स्वतःच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात उघडपणे ठेवली. त्यावरून भांडण झालं. ते मी कुंपणापलीकडून ऐकलं. त्यासाठी मुद्दाम उभी राहिले नव्हते, कपडे वाळत घालत होते.

पुढे बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. नीट उकळलेल्या दुधाचं, ताजं, घरचं दही थोडं थोडं चालेल. त्या दिवशी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. वहिनींनी साहेबांच्या ताटातल्या वाटीत चमचाभर दही वाढलं. साहेबांनी वाटी उचलून नाकाशी नेली. खाली ठेवली. परत उचलली.

"आधी तू खा," ते म्हणाले.

वहिनींच्या हातात वाढायचा चमचा होता. तो त्यांनी तसाच धरला आणि म्हणाल्या, "आवो, माझी किडनी पोटात घातली तवा न्हाई वास घेतला तुमी! आन आता चमचाभर दह्याला नाक लावताय व्हय?"

आजोबांना ठसका लागला. साहेब आधी गंभीर राहिले. मग त्यांचे खांदे हलताना दिसले मला, आणि ते हसायला लागले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी दही खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मला कुंपणापाशी बोलावून हळूच विचारलं, "बाई, काल तुम्हाला पोटात काही जाणवलं का?"

"नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि याचंही त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

तेव्हा थोरले, तुझं उत्तर असं. चांगले जंतू असतात, आणि ते कोणते आणि किती, हे शहाण्या डॉक्टरांनाही अजून पूर्ण माहीत नाही. धाकट्या, डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक सांगितल्याप्रमाणे घे, मध्येच सोडू नकोस, आणि उरलंसुरलं पुढच्या वेळेसाठी कधीही ठेवू नकोस. त्या बाटलीविषयी मला शंका आहे. पण माझ्या शंकेला पुरावा नाही, म्हणून तुमच्या आईने डॉक्टरांना विचारावं.

वारंवार तपासणीला जावं लागतं म्हणून साहेब आणि वहिनी दिवाळीनंतर मुलीकडे पुण्याला राहायला गेले. जाताना साहेबांनी बंगल्याचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं आणि किल्ली आमच्याकडे दिली. मग परत येऊन विचारलं, किल्ली कुठे ठेवणार?

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला होता. क्रिएटिनिन पहिल्याइतकं खाली काही आलं नाही, पण वरही गेलेलं नाही. वहिनींची किडनी साहेबांच्या पोटात अजून चालू आहे.

तुमची आजी